रात्री दीड वाजता नात्याचा निकाल लावू नका

तुम्ही जोडीदाराला मेसेज पाठवता, 'आज यायला उशीर होईल.' उत्तर येतं, 'बरं.'

दोन अक्षरं आणि एक पूर्णविराम. रात्रीची झोप नीट झालेली असेल तर तुम्ही ते वाचता, फोन बाजूला ठेवता आणि कामाला लागता. पण गेल्या दोन-तीन रात्री जेमतेम चार-चार तास डोळा लागला असेल, तर त्याच दोन अक्षरांना काटे फुटतात. पूर्णविराम कशाला दिला? एरवी तर कधी देत नाही. म्हणजे राग आलाय. आणि राग यायचं कारण काय, मी काय मुद्दाम उशीर करतोय? घरी पोचेपर्यंत मनात अख्खं भांडण होऊन गेलेलं असतं. दोन्ही बाजूंचे संवाद तुम्हीच म्हटलेले असतात. ज्याच्याशी भांडलात त्याला मात्र यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याने घाईत 'बरं' लिहिलं होतं, इतकंच.

मग दारातच खरं भांडण सुरू होतं. त्यात त्या रात्रीची झोप जाते. आणि झोप गेली की उद्याचं 'बरं' आणखी टोचतं.

नात्यातला ताण आणि बिघडलेली झोप यांचं हे असं चक्र आहे आणि ते फिरत राहिलं की त्यात मन भरडलं जातं. मला वाटतं, आपण या चक्राच्या एकाच बाजूकडे बघतो. घरात कटकट वाढली की सगळे नात्याबद्दल बोलतात : कोण चुकलं, कोणी माघार घ्यायला हवी होती. 'तुम्ही दोघं सध्या झोपता किती?' असं कोणी विचारत नाही. आधी घरातलं मिटू दे, झोप काय, आपोआप लागेल, असं गृहीत धरलेलं असतं. पुष्कळदा मात्र उलट दिशेने गेलेलं सोपं पडतं. आधी झोप सावरायची, मग भांडणाकडे वळायचं. असं का, हे कळायला या दोघांचं एकमेकांशी काय चालतं ते बघावं लागेल. उदाहरणं मी मुख्यतः जोडप्यांची देणार आहे, कारण संशोधन त्यांच्यावरच जास्त झालंय. पण आई आणि मोठा मुलगा, एका घरात राहणाऱ्या दोन बहिणी, सासू-सून, कुणाच्याही बाबतीत हे असंच घडू शकतं.

थकलेल्या मेंदूला काय दिसतं

मेंदूत दोन्ही बाजूंना, खोलवर, बदामाएवढा एक भाग असतो. त्याचं नाव अमिग्डाला. धोका दिसला की सगळ्यात आधी हाकाटी करायचं काम त्याचं. तो विचार करत बसत नाही. विचार करायचं काम कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचं. अमिग्डाला ओरडतो, 'हल्ला!' आणि कॉर्टेक्स म्हणतो, 'थांब, बघू दे. तिने दार जोरात लावलं नाही, वाऱ्याने आपटलं.' या दोघांमधला संवाद शाबूत असेल तर माणूस समजूतदार राहतो.

२००७ साली झोपेचे संशोधक मॅथ्यू वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण मुलामुलींच्या एका गटाला सुमारे ३५ तास जागं ठेवलं आणि मग मेंदूच्या स्कॅनरमध्ये अधिकाधिक अप्रिय होत जाणारी चित्रं दाखवली. झोप झालेल्या गटाच्या तुलनेत जागरण झालेल्यांचा अमिग्डाला सुमारे ६० टक्के जास्त भडकला. कपाळामागच्या भागाशी असलेली त्याची जोडणीही सैल पडलेली दिसली. म्हणजे ओरडणाऱ्याचा आवाज वाढला होता आणि त्याला 'थांब' म्हणणारा दूर गेला होता.

३५ तास सलग जागरण रोज कोण करतं, अशी शंका इथे येईल आणि ती रास्त आहे. म्हणून जपानमधला २०१३ चा एक अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात १४ पुरुषांना सलग ५ रात्री फक्त ४-४ तास झोपू दिलं. एवढ्यानेही भेदरलेले चेहरे बघताना अमिग्डाला जास्त पेटला आणि त्याच्यावरचा लगाम ढिला पडला. अभ्यास लहान आहे, पण पाच रात्री चार-चार तास हा हिशोब अनेकांच्या घरातला आहे. तान्हं बाळ असलेल्या घरात तर हा चांगला आठवडा म्हणायचा.

चेहऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आढळली आहे. वॉकर यांच्याच गटाने २०१५ मध्ये जागरण झालेल्या लोकांना प्रेमळ ते रागीट अशा चढत्या क्रमातले चेहरे दाखवले. झोप झालेली असताना हेच लोक त्यातला फरक बरोबर ओळखत होते. जागरणानंतर मेंदू आणि हृदयाची गती, दोन्हींना तो फरक नीट करता येईना, आणि लोकांना धमकीचे चेहरे जास्त दिसू लागले.

आता हे घरात आणून बघा. जोडीदार स्वयंपाकघरात उभा आहे, दिवसभराच्या कामाने थकलेला. चेहऱ्यावर काहीच भाव नाहीत. तुम्ही विचारता, 'काय झालं?' तो म्हणतो, 'काही नाही.' खरंच काही नसतं. पण झोप न झालेल्या माणसाला भाव नसलेला चेहराच जास्त त्रास देतो, कारण त्या कोऱ्या जागेत तो स्वतःची भीती भरतो. 'काही नाही म्हणजे काय? सांग ना.' 'अगं, काही नाही म्हटलं ना!' आणि आता मात्र झालेलं असतं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या एमी गॉर्डन आणि सेरेना चेन यांनी २०१४ मध्ये हे जोडप्यांच्या बाबतीत तपासलं. आधी ७८ तरुणांनी दोन आठवडे रोज झोपेची आणि नात्यातल्या खटक्यांची नोंद ठेवली. ज्या रात्री झोप वाईट, त्याच्या दुसऱ्या दिवशी खटके जास्त. नंतर ७१ जोडप्यांना प्रयोगशाळेत बोलावून त्यांच्यातल्याच एका वादाच्या विषयावर बोलायला लावलं. झोप नीट नसलेल्यांना समोरच्याला काय वाटतंय याचा अंदाज कमी बरोबर येत होता. आणि दोघांचीही झोप झाली असेल तेव्हाच वाद मिटण्याची शक्यता सगळ्यात चांगली होती.

आपल्याला वाटतं, भांडणात आपण मुद्द्यावर भांडतो. मुद्दा असतोही. पण त्यातली किती ठिणगी मुद्द्याची आणि किती अपुऱ्या झोपेची, हे भांडणाच्या भरात कुणालाच सांगता येत नाही.

भांडण गादीवर येतं तेव्हा

दुसरी बाजू सगळ्यांच्या अनुभवातली आहे : भांडलो की झोप लागत नाही. त्यामागचं कारण मात्र मला फार हलवून टाकणारं वाटतं.

झोप म्हणजे पहारा सोडणं. शुद्ध हरपलेल्या अवस्थेत सात-आठ तास पडून राहायचं, तर 'इथे धोका नाही' अशी शरीराची खात्री पटलेली असावी लागते. माणसाला ही खात्री मोठ्या प्रमाणात शेजारच्या माणसामुळे मिळते. जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १६ विवाहित स्त्रियांना स्कॅनरमध्ये झोपवून सांगितलं की पायाला विजेचा सौम्य झटका बसू शकतो. कधी त्यांनी एकटीने वाट बघितली, कधी अनोळखी माणसाचा हात धरून, कधी नवऱ्याचा हात धरून. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची खळबळ सगळ्यात कमी होती. आणि ज्यांचं नातं अधिक चांगलं, त्यांच्यात तो दिलासा अधिक.

नुसता हात, बाकी काही नाही. मग विचार करा, ज्या माणसाच्या जवळ असण्याने शरीर पहारा सोडतं, तोच माणूस धोका वाटू लागला तर? आणि तो हातभर अंतरावर, पाठ करून पडलेला असेल तर?

असं एक जोडपं डोळ्यांसमोर आणा. दिवा बंद आहे. तिचं तोंड भिंतीकडे, त्याचं खिडकीकडे. दोघंही जागे आहेत आणि दोघांनाही ते माहीत आहे, कारण झोपलेल्या माणसाचा श्वास असा नसतो. त्याने कूस बदलली की ती अंग आखडून घेते. तिने उसासा टाकला की तो मनात म्हणतो, 'हे मला ऐकवायला.' ती मनातल्या मनात संध्याकाळचं वाक्य पुन्हा म्हणून बघते, या वेळी जास्त धारदार. मग त्याचं उत्तर, मग तिचं प्रत्युत्तर. तीन वर्षांपूर्वीचा एक प्रसंगही मदतीला येतो. दीड वाजतो. 'मला एकच सांग,' असं म्हणत ती उठून बसते, आणि दुसरा अंक सुरू होतो. त्यात 'नेहमी' आणि 'कधीच' हे दोन शब्द सारखे येतात. दिवसा हेच दोघं 'काल तू विसरलास' असं म्हणू शकतात. रात्री त्याचं 'तू नेहमीच विसरतोस, तुला माझी कधीच पर्वा नव्हती' असं होतं.

या वेळी शरीरात काय चाललेलं असतं? एरवी मध्यरात्रीच्या सुमारास कॉर्टिसॉल हे ताणाशी जोडलेलं संप्रेरक दिवसातल्या सगळ्यात खालच्या पातळीवर असतं, हृदयाची गती उतरलेली असते, शरीराचं तापमान घसरत असतं. झोपेला हे सगळं लागतं. भांडण या उताराच्या विरुद्ध दिशेला ओढतं. प्रत्यक्ष भांडण संपलं तरी मनातली उजळणी थांबत नाही, आणि शरीराच्या लेखी आठवलेलं भांडण हेही भांडणच असतं.

खरी खोडी पुढे आहे. झोपतज्ज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८० च्या दशकात निद्रानाशाची एक सोपी मांडणी केली. आधीपासून असलेला कल, मग एखादी ठिणगी आणि नंतर ती आग धुमसत ठेवणारं इंधन, अशा तीन गोष्टी त्यात आहेत. भांडण ही ठिणगी. पण झोप जाऊ लागली की आपण आपल्या परीने उपाय करतो आणि ते उपायच इंधन होतात. रात्रीची भरपाई म्हणून सकाळी उशिरापर्यंत लोळतो, दुपारी दोन तास झोपतो, 'आज तरी लागेल' म्हणून नऊलाच आडवे होतो, दर वीस मिनिटांनी घड्याळ बघतो, फोन घेऊन बसतो. कुणी दारूचा आधार घेतो. दारूने डोळा लवकर लागतो हे खरं, पण उत्तररात्रीची झोप ती तोडते आणि स्वप्नांची झोप कमी करते. काही आठवड्यांत गादी म्हणजे जागं राहायची जागा असं शरीर शिकतं. सोफ्यावर पेंगणारा माणूस गादीवर गेला की टक्क जागा होतो. भांडण मिटून महिना झालेला असतो, दोघं पुन्हा हसून बोलतात आणि तरी झोप परतत नाही. 'आता तर सगळं ठीक आहे, मग काय झालंय मला?' हा प्रश्न इथून येतो. ठिणगी विझली आहे, पण इंधन जळतंय.

'मिटवूनच झोपा' या सल्ल्याचं काय?

लग्नाळू मुलामुलींना हा सल्ला हमखास मिळतो : भांडण उशीपर्यंत नेऊ नका, मिटवा आणि मग झोपा. त्यामागची माया मला समजते आणि त्यात तथ्यही आहे. २०१६ मधल्या एका अभ्यासात असं दिसलं की अप्रिय आठवणी एकदा झोपेत पक्क्या झाल्या की त्या मुद्दाम दूर सारणं अवघड जातं. तेव्हा नऊ वाजता वाद झाला असेल आणि दहा मिनिटांत 'चुकलं माझं' म्हणता येत असेल, तर जरूर म्हणावं.

पण रात्री एक वाजता? तेव्हा मिटवायला बसलेले दोघं म्हणजे अमिग्डाला भडकलेले आणि लगाम सुटलेले दोन मेंदू. त्या अवस्थेत मिटत काही नाही, उकरलं मात्र जातं. माझं मत स्पष्ट आहे : झोपायच्या वेळेच्या तासभर आधी जे मिटलं नाही, ते उद्यावर टाकावं. फक्त टाकण्याची पद्धत महत्त्वाची. तोंड फिरवून गप्प होणं ही शिक्षा होते. 'मला हे सोडून द्यायचं नाहीये, उद्या चहा झाल्यावर बोलू. आत्ता मी नीट बोलू शकणार नाही' हा वायदा होतो. दुसऱ्या दिवशी वायदा पाळला जातो हे दोन-तीनदा अनुभवलं की, रात्री बोलणं थांबलं तरी घाबरायला होत नाही. आणि पाळला नाही तर ही युक्ती पुन्हा चालत नाही.

रात्र स्वतःही काही काम करते. शिकागोमध्ये अनेक दशकं स्वप्नांवर संशोधन केलेल्या रोझलिंड कार्टराइट यांनी घटस्फोटातून जाणाऱ्या आणि खचलेल्या लोकांना प्रयोगशाळेत झोपवलं आणि स्वप्नांच्या झोपेत उठवून 'आत्ता काय दिसत होतं?' असं विचारलं. ज्यांच्या स्वप्नांत तो मोडलेला संसार, तो जोडीदार भावनांसकट येत होता, ते वर्षभराने अधिक सावरलेले आढळले. स्वप्नांच्या या झोपेला रेम झोप म्हणतात. ती रात्रीच्या शेवटच्या तासांत जास्त असते. त्या वेळी मेंदूत ताणाशी संबंधित नॉरअ‍ॅड्रिनॅलिन अगदी कमी असतं, त्यामुळे कडू आठवण तेवढा दाह न होता पुन्हा हाताळली जाते, असं काही संशोधकांचं म्हणणं आहे. दीडपर्यंत भांडून सहाचा गजर लावणारा माणूस नेमके हेच तास गमावतो.

मन आजारी पडतं ते कसं

रोजची चिडचिड म्हणजे आजार नाही. पण हे चक्र महिनोन्‌महिने फिरलं तर त्याचे परिणाम मोजता येतात.

मार्क व्हिस्मन आणि मार्था ब्रूस यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९०४ विवाहित स्त्री-पुरुष होते, सुरुवातीला कुणालाही नैराश्य नव्हतं. वर्षभरात, वैवाहिक आयुष्यात असमाधानी असलेल्यांना नैराश्याचा झटका येण्याचं प्रमाण समाधानी असलेल्यांच्या जवळपास पावणेतीन पट निघालं. झोपेचा आकडाही असाच आहे. अनेक दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून २०११ मध्ये केलेल्या विश्लेषणात, नैराश्य नसलेल्या पण निद्रानाश असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका चांगली झोप असलेल्यांच्या दुप्पट दिसला. हे आकडे वाचून घाबरू नका. धोका दुप्पट म्हणजे आजार होणारच असं नाही. बहुतेकांना होत नाही. पण झोप जाणं हे नैराश्याचं नुसतं लक्षण आहे ही जुनी समजूत आता टिकत नाही. ती वाट दोन्ही बाजूंनी चालू असते.

आतून हे कसं घडतं? थकलेलं मन चांगल्या गोष्टी कमी टिपतं आणि वाईट गोष्टी घट्ट धरून ठेवतं. जोडीदाराने सकाळी तुमच्यासाठी गाडी पुसून ठेवली हे निसटतं, रात्री तो फोनमध्ये बघत 'हं' म्हणाला हे राहतं. अशा महिनाभराच्या जमाखर्चातून 'माझी कुणाला किंमत नाही' हा निष्कर्ष निघतो, आणि तो खरा वाटतो, कारण पुरावे समोर असतात. त्याच सुमाराला माणूस इतरांपासूनही दूर जाऊ लागतो. २०१८ मधल्या एका अभ्यासात जागरण झालेल्यांना अनोळखी माणूस जवळ आलेला कमी चालत होता, त्यांना एकटेपणा जास्त वाटत होता, आणि त्यांचा व्हिडिओ बघणाऱ्या परक्यांनाही ते एकाकी वाटले. म्हणजे ज्या दिवसांत मैत्रिणीला फोन करायची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवसांत फोन उचलवत नाही. चिंतेचंही तेच. पहाटे तीनला जाग येते आणि पैशापासून मुलांच्या भविष्यापर्यंत सगळं एकदम कोसळताना दिसतं. सकाळी आठला तेच प्रश्न तेवढेच असतात, पण पेलण्याजोगे वाटतात.

शरीरही यातून सुटत नाही. ओहायोतल्या जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी ४२ विवाहित जोडप्यांच्या हातांवर बारीक फोड आणून ते किती दिवसांत भरतात ते बघितलं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, एकमेकांशी वैरभावाने वागणाऱ्या जोडप्यांच्या जखमा इतरांच्या फक्त ६० टक्के वेगाने भरल्या.

आणि मुलं. 'ती झोपली होती, तिला काही कळलं नाही' असं आपण म्हणतो. ओरेगॉनमध्ये संशोधकांनी सहा महिने ते एक वर्षाच्या बाळांना त्यांच्या नैसर्गिक झोपेत स्कॅनरमध्ये ठेवून निरनिराळ्या स्वरांतले निरर्थक शब्द ऐकवले. ज्या घरांत आईवडिलांचे वाद जास्त होते, तिथली बाळं गाढ झोपेतही रागाच्या स्वराला मेंदूच्या ताण हाताळणाऱ्या भागांत जास्त प्रतिसाद देत होती. हे मी कुणाच्या मनाला लागावं म्हणून सांगत नाही. कुठल्याही घरात आवाज चढतोच. पण रात्रीचं भांडण फक्त दोघांचं नसतं, एवढं आता माहीत आहे.

चक्र कुठे धरायचं

नात्यातला मूळ प्रश्न सोडवायला दोघांची तयारी, वेळ, कधी कधी समुपदेशक आणि नशीबही लागतं. झोप सावरायला त्यातलं निम्मं पुरतं, आणि त्यासाठी कोण चूक कोण बरोबर हे आधी ठरवावं लागत नाही. म्हणून सुरुवात तिथून.

दीर्घकाळच्या निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून गोळी नव्हे तर सीबीटी-आय ही खास झोपेसाठीची वर्तनोपचार पद्धत वापरावी, अशी शिफारस अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेने २०१६ मध्ये केली. तिचा गाभा ऐकायला साधा आहे. रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ एकच, सुट्टीच्या दिवशीही. गादी फक्त झोपेसाठी. वीसेक मिनिटं झोप लागली नाही, किंवा मनात वाद सुरू झाला, तर उठून मंद उजेडात दुसऱ्या जागी बसायचं आणि पेंग आली की परत यायचं. घड्याळाचं तोंड फिरवून ठेवायचं. गादीवर घालवायचा वेळ काही दिवस मुद्दाम कमी करणं हाही त्याचा भाग आहे, पण तो मार्गदर्शनाखालीच करावा, विशेषतः फिट्सचा त्रास किंवा बायपोलर आजार असेल किंवा काम वाहन चालवण्याचं असेल तर. सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस थकवणारे असतात. तिथेच बरेच जण सोडून देतात, म्हणून आधीच सांगून ठेवते.

याने मनाला खरंच फरक पडतो का? लॉस एंजेलिसमध्ये निद्रानाश असलेल्या, पण त्या वेळी नैराश्य नसलेल्या, ६० वर्षांवरच्या २९१ जणांपैकी निम्म्यांना ही पद्धत आणि निम्म्यांना झोपेबद्दलची सर्वसाधारण माहिती दिली. तीन वर्षांत पहिल्या गटातलं नैराश्याचं प्रमाण दुसऱ्याच्या निम्म्याहूनही थोडं कमी राहिलं. २०२२ मध्ये हे निष्कर्ष आले. झोप सुधारली तर मन वाचू शकतं, हे यातून बरंच ठळक झालं.

भांडणाच्या बाजूने म्हणाल, तर गादीवर वादाचे विषय काढायचे नाहीत हा एक करार मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. पैसे, दोन्हीकडची माणसं, जुनी दुखणी यांना उजेडातली वेळ द्या. वादात छाती धडधडू लागली तर थांबा. जोडप्यांचा अनेक वर्षं अभ्यास केलेले जॉन गॉटमन सांगतात की नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की ऐकण्याची क्षमताच उरत नाही, आणि शरीर शांत व्हायला किमान २० मिनिटं लागतात. त्या २० मिनिटांत पुढचं वाक्य जुळवत बसलात तर नाडी उतरत नाही, तेव्हा चालून या, भांडी घासा, काहीही करा. डोक्यात राहिलेलं कागदावर लिहून काढल्यानेही हलकं वाटतं.

वेगळ्या खोलीत झोपणं म्हणजे नातं संपलं, असं मानू नका. एकाचं घोरणं, दुसऱ्याची पहाटेची पाळी, बाळाचं दूध, यांसाठी आठवड्यातल्या काही रात्री वेगळं झोपून दोघांची झोप होत असेल तर ते नात्याचं रक्षणच आहे. रागाने उशी उचलून जाणं आणि ठरवून वेगळं झोपणं यांत फरक आहे. आणि घोरण्यात श्वास मधेच थांबत असेल, दिवसा डोळे मिटत असतील, तर तो स्वभावाचा किंवा प्रेमाचा प्रश्न नाही. स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी करून घ्या. या आजाराने माणूस चिडका आणि उदास होतो आणि त्यावर उपचार आहेत. लहान मूल असेल तर स्वतःला थोडी सूट द्या. जर्मनीतल्या एका मोठ्या पाहणीत पहिल्या मुलाच्या जन्मानंतर सहा वर्षांपर्यंत आईवडिलांची झोप पूर्ववत झालेली नव्हती. त्या वर्षांतल्या भांडणांवरून 'आपलं जमतच नाही' असा निष्कर्ष काढण्याची घाई नको.

एक गोष्ट मात्र या सगळ्यातून वेगळी काढायला हवी. झोप लागत नाही कारण भीती वाटते, असं असेल तर? दार उघडल्याचा आवाज आला की पोटात गोळा येत असेल, हात उगारला जात असेल, फोन तपासला जात असेल, बाहेर पडायला बंदी असेल, तर तिथे तुमचा पहारा चुकीचा नाही. शरीर बरोबर सांगतंय. अशा घरात 'नीट झोपा आणि सकाळी बोला' हा सल्ला मी देणार नाही. तिथे आधी विश्वासातलं माणूस, हेल्पलाइन, सुरक्षित जागा. झोप त्यानंतर.

आणि मदत कधी घ्यायची? आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोपेचा त्रास, असं तीन महिने चाललं असेल तर तो निद्रानाश आहे, आणि तीन महिने पूर्ण व्हायची वाट बघायचीही गरज नाही. दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच, आत्ता, कुणाला तरी सांगा. झोप खूप कमी होऊनही थकवा वाटत नसेल, उलट उत्साह ओसंडत असेल, तर तेही सांगा, कारण त्याचे उपचार वेगळे असतात. डॉक्टरांकडे गेलात की बहुतेक जण 'झोप येत नाही' एवढंच म्हणतात आणि गोळी घेऊन परततात. घरात काय चाललंय, तेही दोन वाक्यांत सांगा. समुपदेशकाकडे गेलात तर उलट करा : भांडणाबद्दल सांगताना किती वाजता झोपता, किती वाजता जाग येते, तेही सांगा.

जोडीदार यातलं काही करायला तयार नसेल तर? ओहायोतल्या त्याच गटाने २०१७ मध्ये ४३ जोडप्यांची आदल्या दोन रात्रींची झोप विचारून त्यांची वादावादी पाहिली. दोघांचीही झोप अपुरी होती तिथे बोलणं जास्त कडवट झालं. निदान एकाची झोप बरी झालेली असेल, तर कडवटपणा कमी होता. बर्कलीचा अभ्यास सांगतो की वाद मिटायला दोघांची झोप झालेली असणं चांगलं. हा अभ्यास सांगतो की वाद पेटू न द्यायला एकाची झोपही उपयोगी पडते. तेव्हा आज रात्री समोरचा तयार नसला, तरी उद्याचा गजर तुम्ही रोजच्याच वेळेला लावू शकता.